मुलांच्या लघवीचा उलटा प्रवाह : एका पक्क्या समजुतीचा इतिहास



संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना पद्धतीशास्त्राची पुस्तकं वाचायला सांगतात. ती वाचाच. पण कधीकधी एकाच छोट्याशा प्रश्नाचा इतिहास नीट वाचला, तर तेच धडे जास्त पक्के बसतात. आज असाच एक प्रश्न घेतलाय. लहान मुलांमध्ये मूत्राशयातली लघवी उलट दिशेने मूत्रपिंडाकडे का जाते, आणि गेली तर काय करायचं? डॉक्टर याला 'रिफ्लक्स' म्हणतात. आपण 'उलटा प्रवाह' म्हणू.

विषय वैद्यकातला असला, तरी तुम्ही इतिहासाचे, समाजशास्त्राचे किंवा संख्याशास्त्राचे असलात तरी पुढे वाचा. कारण ही गोष्ट मुळात पुराव्याची आहे. एक समजूत तयार झाली, जवळजवळ चाळीस वर्षं तिच्यावर उपचार चालले, जगभरातल्या मुलांची ऑपरेशनं झाली, त्यांना वर्षानुवर्षं रोज अँटिबायोटिक दिलं गेलं, आणि मग कुणीतरी विचारलं की हे तपासलंय कोणी?

आधी झडप समजून घेऊ

पुण्यात राहणाऱ्यांना कात्रजचा तलाव माहीत असतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यात, या तलावातून दगडी भुयारी नळातून पाणी शहरात आणलं. वाटेत जागोजागी 'उच्छ्वास' ठेवले होते, आणि हे पाणी शहरातल्या हौदांपर्यंत पोचायचं. ना पंप, ना मोटर. कात्रज उंचावर, शहर खाली. पाणी उताराने आपोआप यायचं. पाणी परत कात्रजला जाईल अशी भीतीच नव्हती, कारण उतारच तसा होता.

शरीरातली व्यवस्था इतकी सोपी नाही. मूत्रपिंडात लघवी तयार होते आणि मूत्रवाहिनी नावाच्या बारीक नळीतून मूत्राशयात येते. पण बाळ दिवसातला बराच वेळ आडवं असतं, म्हणजे उताराचा भरवसा नाही. त्यामुळे मूत्रवाहिनी स्वतः आकुंचन पावत लघवी पुढे ढकलते. आणि लघवी करताना मूत्राशय जोरात आकुंचन पावतं, तेव्हा ती मागे जाऊ नये म्हणून एक युक्ती आहे. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत सरळ घुसत नाही, तिरकी घुसते. भिंतीच्या आतून थोडं अंतर चालते आणि मगच आत उघडते. मूत्राशय भरलं की आतला दाब हा तिरका भाग चेपून टाकतो, आणि दार आपोआप बंद होतं.

आता हा तिरका भाग आखूड असला तर? दार नीट लागत नाही आणि लघवी मागे जाते. लहान बाळांमध्ये तो आखूड असणं ही फार दुर्मीळ गोष्ट नाही. मूल वाढतं तसा तो भागही लांबतो, आणि कमी तीव्रतेचा उलटा प्रवाह बऱ्याच मुलांमध्ये कोणत्याही ऑपरेशनशिवाय थांबतो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ यावरूनच होणार आहे.

साखळीची एकेक कडी

मूत्रवाहिनीच्या तोंडाशी उलटा प्रवाह अडवणारी रचना आहे, हे ग्रीक वैद्य गेलेनच्या काळापासून सांगितलं जात होतं. १९०३ साली अमेरिकेत जॉन सॅम्पसन यांनी तिरक्या मार्गामुळे झडपेसारखं काम कसं होतं, याचं वर्णन केलं. पण पहिली पन्नास वर्षं या माहितीला फारसं कोणी विचारलं नाही.

१९५२ साली जॉन हच या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी पाठीच्या कण्याला दुखापत होऊन पाय लुळे पडलेल्या रुग्णांचा अभ्यास छापला. या रुग्णांमध्ये उलटा प्रवाह आणि मूत्रपिंडाची खराबी यांचा संबंध त्यांना दिसला, आणि ऑपरेशनने तो प्रवाह थांबवता येतो हेही त्यांनी दाखवलं. इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. पहिला ठळक पुरावा प्रौढ, जखमी रुग्णांचा होता, धडधाकट लहान मुलांचा नाही.

१९५६ साली एडवर्ड कास यांनी जंतुसंसर्ग मोजण्याचा मापदंड दिला. लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू सापडले तर तो खरा संसर्ग, त्याहून कमी असतील तर बहुधा बाहेरून मिसळलेले. हा आकडाही प्रौढ स्त्रियांच्या अभ्यासातून आला होता. पण तो इतका सोयीचा होता की तो सगळ्यांना लागू झाला, तान्ह्या बाळांनासुद्धा.

१९६० साली लंडनमध्ये हॉडसन आणि एडवर्ड्स यांनी क्ष-किरण चित्रांवरून दाखवलं, की ज्या मूत्रपिंडांवर जुने वण आहेत, त्यांच्यात उलटा प्रवाह वारंवार आढळतो. १९७३ साली न्यूझीलंडच्या रॉस बेली यांनी या दुखण्याला 'रिफ्लक्स नेफ्रोपॅथी' असं नाव दिलं. मराठीत सांगायचं तर उलट्या प्रवाहामुळे होणारा मूत्रपिंडाचा आजार. नाव पडलं की अर्धी लढाई संपते, बरं का! नावातच कारण सांगून टाकलं होतं.

सत्तरच्या दशकात लंडनच्याच रॅन्सली आणि रिसडन यांनी डुकराच्या पिल्लांवर प्रयोग केले. डुकराचं मूत्रपिंड रचनेने माणसासारखं असतं म्हणून. त्यांना दिसलं ते असं : उलटा प्रवाह मूत्रपिंडाच्या गाभ्यापर्यंत पोचला आणि सोबत जंतूही असले, तर वण पडतो, आणि पहिल्याच संसर्गात पडतो. प्रवाह आहे पण जंतू नाहीत, तर सहसा काही होत नाही.

आता या सगळ्या कड्या जोडून पाहा. झडप कमजोर, म्हणून उलटा प्रवाह. उलट्या प्रवाहातून जंतू वर, म्हणून मूत्रपिंडात संसर्ग. संसर्गातून वण. वण वाढत गेले की रक्तदाब, आणि शेवटी मूत्रपिंड निकामी.

किती सुरेख साखळी! प्रत्येक कडीला काही ना काही पुरावा होता. पण पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत एखाद्या मुलाच्या मागे चालत जाऊन, उपचाराने ही साखळी तुटते का, हे कोणी पाहिलं नव्हतं. समजूत पक्की होण्यासाठी त्याची गरजच पडली नाही.

दोन उपचार, पण तिसरा गट कुठाय?

साखळी मान्य झाली की उपचार सरळ होते. एक तर झडप दुरुस्त करा. पोलिटानो आणि लेडबेटर यांची शस्त्रक्रिया १९५८ ची, कोहेन यांची १९७५ ची. दोन्हींत मूत्रवाहिनी पुन्हा तिरकी, पुरेशा लांबीने बसवतात, आणि तरबेज हातांनी केली तर बहुतेक मुलांमध्ये उलटा प्रवाह थांबतो. नाहीतर जंतूच येऊ देऊ नका. लंडनच्या जीन स्मेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना रोज रात्री अगदी कमी मात्रेत अँटिबायोटिक द्यायची पद्धत रुजवली. झडप वयानुसार सुधारेपर्यंत, गरज पडली तर वर्षानुवर्षं.

मग वाद सुरू झाला : ऑपरेशन बरं की गोळी? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम गटाने १९८७ साली तीव्र उलट्या प्रवाहाच्या मुलांची पाच वर्षांची निरीक्षणं छापली. युरोप आणि अमेरिकेतल्या केंद्रांनी मिळून मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास चालवला. त्याच काळात, १९८५ मध्ये, उलट्या प्रवाहाच्या पहिली ते पाचवी अशा श्रेणीही ठरल्या. पहिली सौम्य, पाचवी सर्वांत तीव्र. दोन्ही अभ्यासांचा निष्कर्ष साधारण एकच. नवीन वण पडण्याच्या बाबतीत दोन उपचारांत फरक नाही.

डॉक्टरांनी याचा अर्थ काढला, की दोन्ही उपचार सारखेच चांगले.

जरा थांबा. तुम्ही परीक्षक असता तर काय विचारलं असतं? दोन उपचारांचा निकाल सारखा आला, याचे दोन अर्थ होतात. दोन्ही सारखेच उपयोगी आहेत, किंवा दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत. यातलं कोणतं खरं, हे सांगायला तिसरा गट लागतो, ज्याला काहीच दिलेलं नाही. तो गटच नव्हता. कारण साखळी इतकी पटलेली होती, की मुलांना उपचाराशिवाय ठेवणं अनैतिक वाटत होतं. पुरावा नसताना बसलेला विश्वास पुरावा गोळा करण्याच्या आड येतो, तो असा.

भेगा दिसू लागल्या

पहिली भेग सोनोग्राफीने पाडली. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाच्या मूत्रपिंडाला सूज दिसायला लागली, तेव्हा अशा बाळांची जन्मानंतर लगेच तपासणी होऊ लागली. त्यातल्या काहींमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, तीव्र उलटा प्रवाह होता आणि मूत्रपिंड आधीच लहान किंवा खराब होतं. एकदाही संसर्ग झालेला नसताना! म्हणजे ज्याला आपण संसर्गाचा वण समजत होतो, तो काही मुलांमध्ये गर्भातच मूत्रपिंड नीट न घडल्याचा परिणाम होता. झडप आणि मूत्रपिंड दोन्ही एकाच मूळ कारणाने बिघडलेले. इथे एक कडी दुसरीचं कारण नव्हती, दोघी बहिणी होत्या. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वाक्य आपण सगळेच पाठ करतो. ते इथे हाडामांसाचं दिसतं.

दुसरी भेग २००० साली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये डायलिसिस आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही आहे. जोनाथन क्रेग आणि सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला. साठ-सत्तरच्या दशकांपासून मुलांवर उपचार सुरू आहेत, तर या आजाराने मूत्रपिंड निकामी झालेल्यांची संख्या घटायला हवी. घटली का? अपेक्षित घट दिसली नाही. यासाठी नवा प्रयोग लागला नाही, नवं यंत्र लागलं नाही. नोंदवही आधीपासून होती. तिला योग्य प्रश्न विचारायचा राहिला होता.

अखेर तिसरा गट आला

यानंतर रोजचं अँटिबायोटिक विरुद्ध प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, किंवा काहीच नाही, अशा चाचण्या सुरू झाल्या. आकडे जरा सावकाश वाचा.

२००९, ऑस्ट्रेलिया. एकदा तरी संसर्ग झालेली ५७६ मुलं. अँटिबायोटिक घेणाऱ्यांत १३ टक्क्यांना पुन्हा संसर्ग, प्लासिबो घेणाऱ्यांत १९ टक्क्यांना. फायदा आहे, पण माफक.

२०१०, स्वीडन. एक ते दोन वर्षांची २०३ मुलं, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा प्रवाह. मुलींमध्ये फरक मोठा निघाला. नुसत्या देखरेखीखालच्या ५७ टक्के मुलींना पुन्हा तापाचा संसर्ग झाला, अँटिबायोटिक घेणाऱ्या १९ टक्क्यांना. नवीन वणही देखरेखीच्या गटातल्या मुलींमध्ये जास्त. मुलग्यांमध्ये मात्र संसर्गच कमी.

२०१४, अमेरिका. ६०७ मुलं, दोन वर्षं. अँटिबायोटिकच्या गटात ३०२ पैकी ३९ जणांना पुन्हा संसर्ग, प्लासिबोत ३०५ पैकी ७२ जणांना. म्हणजे जवळपास निम्मा. पण वण? एका गटात ११.९ टक्के, दुसऱ्यात १०.२. फरक नाही. आणि पुन्हा झालेल्या संसर्गातले ई. कोलाय जंतू औषधाला दाद न देणारे असण्याचं प्रमाण अँटिबायोटिकच्या गटात ६३ टक्के, प्लासिबोत १९.

२०१५, दिल्लीचं एम्स. आपल्याकडची चाचणी. ९३ मुलं, एक वर्ष. अँटिबायोटिक घेणाऱ्या ४७ पैकी १० जणांना संसर्ग झाला, प्लासिबो घेणाऱ्या ४६ पैकी फक्त ३ जणांना. हो, बरोबर वाचलंत. उलटा निकाल.

२०२३, युरोप. कधीच संसर्ग न झालेली, पण तीव्र उलटा प्रवाह असलेली २९२ तान्ही बाळं. पहिला संसर्ग अँटिबायोटिकच्या गटात ३१ जणांना, दुसऱ्या गटात ५२ जणांना. दोन्हीकडे १४६ बाळं. एका बाळाचा संसर्ग टाळायला सात बाळांना दोन वर्षं औषध द्यावं लागलं. वणांत फरक नाही.

मग खरं काय? इथेच नवखा संशोधक चुकतो. तो मतमोजणी करतो : इतक्या चाचण्या बाजूने, इतक्या विरुद्ध. पण प्रश्न वेगवेगळे आहेत हे पाहा. कुणी सौम्य प्रवाहाची मुलं घेतली, कुणी तीव्र. कुठे तान्ही बाळं, कुठे बारा वर्षांपर्यंतची मुलं. कुणी संसर्ग मोजला, कुणी वण. एम्सची चाचणी लहान आहे, त्यामुळे तिचा आकडा हलका डुलता आहे. पण आपल्याकडे को-ट्रायमॉक्सॅझोल या जुन्या औषधाला जंतू आधीच सरावलेले असतील, तर तेच औषध रोज देऊन फायदा कमी होणं शक्य आहे, हेही नजरेआड करता येत नाही. अमेरिकेतला निकाल पुण्यात जसाच्या तसा लागू करण्याआधी हा विचार करावाच लागतो.

सगळ्यांतून एक गोष्ट मात्र ठळक दिसते. संसर्ग कमी करणं आणि मूत्रपिंड वाचवणं हे दोन वेगळे निकष आहेत. चाळीस वर्षं आपण पहिलं मोजून दुसरं मिळालं असं धरून चाललो होतो.

मग आज काय करतात?

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळांना पहिल्याच तापाच्या संसर्गानंतर उलट्या प्रवाहाची तपासणी सांगितली होती. या तपासणीत मूत्राशयात नळी घालून रंगद्रव्य सोडतात आणि मूल लघवी करताना क्ष-किरण चित्रं घेतात. बाळ रडतं, आईबापही रडवेले होतात. २०११ मध्ये त्याच संघटनेने सांगितलं, की सोनोग्राफी ठीक असेल तर पहिल्या संसर्गानंतर ही तपासणी सरसकट नको.

भारतात बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. सोनोग्राफी सगळ्यांना. नळीची तपासणी मात्र संसर्ग वारंवार होत असेल, सोनोग्राफीत दोष दिसला असेल, किंवा दोन वर्षांखालच्या बाळाला ई. कोलायखेरीज दुसऱ्या जंतूचा संसर्ग झाला असेल तरच. मूत्रमार्ग निर्दोष असेल तर रोजचं अँटिबायोटिक नको; तीव्र उलटा प्रवाह असेल, किंवा लघवी-शौचाच्या सवयी बिघडल्या असतील तर द्या. मूल स्वतः शी-शू सांगायला लागलं, सवयी ठीक आहेत आणि वर्षभर संसर्ग नाही, तर थांबवा. आणि कास यांचा तो एक लाखाचा आकडा? तो दहा हजारांवर आणला.

सवयींचा मुद्दा साधा वाटतो, पण तो फार मोलाचा आहे. बद्धकोष्ठ झालेलं मूल, शाळेतलं संडास घाण म्हणून दुपारपर्यंत लघवी धरून ठेवणारी मुलगी, यांच्या मूत्राशयावर ताण येतो आणि संसर्ग वाढतो. अमेरिकन चाचणीतही अशा मुलांनाच अँटिबायोटिकचा जास्त फायदा दिसला. म्हणजे झडपेच्या मागे धावताना आपण शाळेतल्या संडासाकडे पाहायचं विसरलो होतो.

एक खुलासा गरजेचा आहे. वरचं वाचून कोणी मुलाचं चालू औषध परस्पर बंद करू नका. ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. आणि लहान बाळाला सर्दी-खोकला नसताना ताप चढला, तर लघवीची तपासणी लांबणीवर टाकू नका. संसर्गाचे उपचार उशिरा सुरू झाले की वण पडण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांतून दिसलंय. साखळीची ही कडी आजही मजबूत आहे.

तुमच्या प्रस्तावासाठी

तुमचा विषय कोणताही असो, सारांश लिहिण्याआधी हे चार प्रश्न कागदावर उतरवा.

१. माझ्या विषयात कोणती साखळी सगळे गृहीत धरतात? तिची प्रत्येक कडी कोणावर, कुठे आणि कधी तपासली गेली?

२. मी जे मोजणार आहे, ते मला खरोखर हवं असलेलंच आहे का, की त्याच्या जागी सोयीचं म्हणून घेतलेलं?

३. तुलनेसाठी कोण आहे? काहीच न केलेला गट नसेल, तर त्याची जागा कशाने भरून काढणार?

४. दुसरीकडचा निकाल इथे का लागू व्हावा?

आणि विषय शोधत असाल, तर फार लांब जायला नको. स्वारगेटहून कात्रजकडे निघालात की सातारा रस्त्यावर धनकवडीला भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय लागतं. कात्रज घाटापलीकडच्या गावांतूनही लोक उपचारासाठी शहरात येतात. अशा मोठ्या रुग्णालयांमध्ये रीतसर नैतिक समितीची परवानगी घेऊन कितीतरी प्रश्न विचारता येतील. आपल्या भागातल्या मुलांच्या लघवीतले जंतू कोणत्या औषधाला दाद देतात? रोजचं औषध लिहून दिलेल्या मुलांपैकी किती जण ते खरंच रोज घेतात? कोणत्या शाळांमधल्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत? नवी सूचना येऊन काही वर्षं झाल्यावर नळीच्या तपासण्या खरंच कमी झाल्या का? यातला एकही प्रश्न भव्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीला विचारलेला प्रश्नही भव्य नव्हता.

तिरक्या नळीचा तो छोटासा तुकडा आहे काही मिलिमीटरचा. तेवढ्यासाठी किती आयांनी रोज रात्री झोपलेल्या लेकराला उठवून चमचाभर औषध पाजलं असेल. त्यातल्या काही मुलांना त्याचा उपयोग झाला, अनेकांना झाला नाही. कोणाला झाला आणि कोणाला नाही, हे आधी ओळखता येणं, एवढाच संशोधनाचा खरा हेतू. ते काम अजून पूर्ण झालेलं नाही.